महासंगणक वापरायचा म्हणजे नेमकं काय करायचं? संशोधक विद्यार्थ्यांसाठी पहिली ओळख

आजचा विषय जाहीर झाल्यावर आमच्याकडे जे प्रश्न आले, त्यांतले बरेचसे एकाच वळणाचे होते. ‘माझा प्रोग्राम लॅपटॉपवर चार दिवस चालतो. तोच महासंगणकावर टाकला तर चार मिनिटांत होईल ना?’ आधी याचं उत्तर देऊन टाकू, मग कारणांकडे वळू. नुसता उचलून टाकला तर नाही होणार. कदाचित चारऐवजी पाच दिवस लागतील.

हे ऐकून निराश होऊ नका. असं का होतं हे ज्याला कळलं, त्याला हाय परफॉर्मन्स कॉम्प्युटिंग, म्हणजे एचपीसी, या विषयाचा निम्मा पाया कळला. एम.एस्सी.चा प्रकल्प करणारे, पीएच.डी.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात असलेले आणि काळ्या पडद्यावरचं टर्मिनल बघून थोडे बिचकणारे, अशा सगळ्यांसाठी आजचं हे बोलणं आहे. तुम्ही भौतिकशास्त्राचे असा, प्राणिशास्त्राचे असा की अर्थशास्त्राचे, इथे फारसा फरक पडत नाही.

एक संगणक वेगवान का होत नाही?

साधारण २००४-०५ पर्यंत संशोधकांना एक आयती सोय होती. दोन वर्षं थांबलं की नवा प्रोसेसर यायचा आणि जुनाच प्रोग्राम त्यावर जास्त वेगात पळायचा. मग ही गाडी अडली. प्रोसेसरचा ठोका, म्हणजे क्लॉक, तीन-चार गिगाहर्ट्झच्या आसपास येऊन थांबला, तो आजही साधारण तिथेच आहे. मुख्य अडचण उष्णतेची. ठोका वाढवला की वीज आणि उष्णता इतकी वाढते की चिप गार ठेवणंच परवडत नाही.

दुसरी मर्यादा निसर्गाची. प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे शाळेच्या फूटपट्टीएवढा. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक ठोका पडेपर्यंत प्रकाशसुद्धा फक्त १० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. तारेतला विद्युत संदेश त्याहूनही मागे. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेली माहिती ‘लगेच’ कशी मिळणार?

एकाचा वेग वाढत नाही म्हटल्यावर उद्योगाने एका चिपवर अनेक कोअर बसवायला सुरुवात केली. महासंगणकही असाच बनतो. त्यात कुठला जादूचा प्रोसेसर नसतो. तुमच्या-आमच्या ओळखीचेच प्रोसेसर शेकड्यांनी, हजारांनी एकत्र जोडलेले असतात. आणि ऐका, अशा यंत्रातल्या एका कोअरचा ठोका बऱ्याचदा तुमच्या नव्या लॅपटॉपपेक्षा कमीच असतो. म्हणूनच एका कोअरवर चालणारा प्रोग्राम तिथे जसाच्या तसा टाकला, तर तो एकाच कोअरवर, थोडा हळू चालतो. बाकीचे हजारो कोअर तुमच्यासाठी काही करत नाहीत.

यंत्राचा नकाशा

पुण्याला हा विषय नवा नाही. सी-डॅक ही संस्था १९८८ मध्ये इथे स्थापन झाली आणि १९९१ मध्ये तिने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० उभा केला. २०१५ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय महासंगणन अभियान सुरू केलं. त्यातून परम मालिकेतली यंत्रं आयआयटी, आयसर अशा शिक्षणसंस्थांत पोहोचली. आयसर पुण्याचा परम ब्रह्म त्यातलाच. पाषाणच्या आयआयटीएममध्ये हवामानाच्या अंदाजासाठी ‘अर्क’ हे यंत्र सप्टेंबर २०२४ मध्ये दाखल झालं. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी गणितं.

यंत्र कुठलंही असो, त्याचे चार भाग ओळखायला शिका.

पहिला भाग लॉगिन नोड. तुम्ही घरून किंवा लॅबमधून जोडले जाता ते इथे. हा वाड्याचा दिंडीदरवाजा समजा. इथे फाइली लिहायच्या, प्रोग्राम कंपाइल करायचा, काम रांगेत लावायचं. इथे मोठं गणित मात्र कधीही चालवायचं नाही. दरवाजातच कुणी बाजलं टाकून झोपलं तर बाकीच्यांनी आत कसं यायचं?

दुसरा भाग कम्प्यूट नोड. खरं काम इथे होतं. एक नोड म्हणजे एक स्वतंत्र संगणक. त्यात समजा ४८ कोअर आणि काहीशे जीबी मेमरी.

तिसरा भाग या नोडना जोडणारं वेगवान जाळं. ते घरच्या इंटरनेटपेक्षा फार वेगळं असतं. निरोप पोहोचायला लागणारा वेळ तिथे मायक्रोसेकंदांत मोजतात.

चौथा भाग साठवण. इथे साधारण दोन जागा मिळतात. होम ही लहान जागा, तुमच्या प्रोग्रामसाठी. स्क्रॅच ही मोठी आणि वेगवान जागा, चालू कामासाठी. स्क्रॅच हे कोठार नाही. बऱ्याच ठिकाणी ठराविक दिवस न वापरलेल्या फाइली तिथून आपोआप पुसल्या जातात.

लग्नाचा स्वयंपाक आणि अ‍ॅमडॉलचा नियम

आता मुख्य मुद्दा. हजार कोअर लावले तर काम हजारपट वेगाने होईल का?

लग्नघरचा स्वयंपाक आठवा. पाचशे पुऱ्या लाटायच्या आहेत. एका बाईला पाच तास लागत असतील, तर पाच जणी बसल्या की तासात उरकतं. पण वरणाची डाळ शिजायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच. पातेल्याभोवती दहा जण उभे राहिले म्हणून ती लवकर शिजत नाही. आणि वरण झाल्याशिवाय पंगत बसवता येत नाही.

जीन अ‍ॅमडॉल यांनी १९६७ मध्ये नेमकी हीच गोष्ट संगणकासाठी मांडली. प्रोग्रामचा जो भाग वाटून देता येत नाही, तो शेवटी सगळ्या वेगाला लगाम घालतो. समजा तुमच्या प्रोग्राममधला ९५ टक्के वेळ वाटून घेता येतो आणि ५ टक्के येत नाही. १६ कोअर लावले तर वेग साधारण ९ पट होतो. ६४ लावले तर साधारण १५ पट. हजार लावले तर किती? २० पटसुद्धा नाही, १९.६ पट. आणि पुढे लाख कोअर लावले तरी २० च्या वर जाणार नाही, कारण तो ५ टक्के भाग तिथेच बसून आहे.

म्हणजे हजार कोअर मागणाऱ्या विद्यार्थ्याला ६४ वाल्यापेक्षा जेमतेम सव्वापट वेग मिळाला आणि कोअर अडवून ठेवले पंधरापटींपेक्षा जास्त. ही उधळपट्टी कुणाच्या खिशातून होते, ते पुढे बोलू.

याला दुसरी बाजूही आहे. १९८८ मध्ये जॉन गुस्टाफसन यांनी म्हटलं की लोक मोठं यंत्र मिळाल्यावर जुनंच गणित लवकर करत बसत नाहीत, ते मोठं गणित करतात. पाहुणे वाढले की पुऱ्या वाढतात, पण वरणाचा वेळ फारसा वाढत नाही. ताजं उदाहरण बघा. मे २०२५ मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू झाली, तेव्हा हवामान अंदाजाच्या जाळीतलं अंतर १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आलं. ऐकायला निम्मं वाटतं. पण अंतर निम्मं केलं की पूर्व-पश्चिम दुप्पट बिंदू, दक्षिण-उत्तर दुप्पट बिंदू, म्हणजे चौपट. शिवाय जाळी बारीक झाली की काळाची पावलंही लहान टाकावी लागतात, साधारण निम्मी. एकूण गणित आठपट. कोकणातल्या एका खोऱ्यात किती पाऊस पडेल हे नीट सांगायचं असेल, तर मोठं यंत्र लागतं ते यासाठी.

काम वाटायच्या तीन तऱ्हा

पहिली तऱ्हा सगळ्यात सोपी आणि सुरुवातीला सगळ्यात उपयोगी. स्वतंत्र कामं. एकाच प्रोग्रामला शंभर वेगवेगळे आकडे द्यायचे आहेत किंवा शंभर नमुने तपासायचे आहेत. एकाला दुसऱ्याशी बोलायची गरज नाही. शंभर जण शंभर ठिकाणी बसून उत्तरपत्रिका तपासतात तसं. यासाठी समांतर प्रोग्रामिंग शिकावंच लागत नाही. जॉब अ‍ॅरे नावाची सोय वापरायची, बस.

दुसरी तऱ्हा सामाईक मेमरीची. एका नोडवरचे सगळे कोअर एकाच स्वयंपाकघरात काम करतात, डबे सगळ्यांचे एकच. यासाठी ओपनएमपी वापरतात. त्याचं पहिलं मानक १९९७ मध्ये आलं. चालू प्रोग्रामच्या लूपवर एखादी सूचना लिहून सुरुवात करता येते. धोका एवढाच की दोघांनी एकाच डब्यात एकाच वेळी हात घातला तर सांडतं. याला रेस कंडिशन म्हणतात. प्रोग्राम बंद पडत नाही, उत्तर चुकतं, आणि दर वेळी वेगळं चुकतं.

तिसरी तऱ्हा निरोपांची. वेगवेगळे नोड म्हणजे वेगवेगळी घरं. एकाच्या मेमरीतलं दुसऱ्याला दिसत नाही, निरोप पाठवावा लागतो. यासाठी एमपीआय, पहिलं मानक १९९४ चं. हजारो कोअर वापरणारे बहुतेक मोठे वैज्ञानिक प्रोग्राम आजही यावरच उभे आहेत.

निरोपांचा खर्च समजून घ्यायला घनाचं गणित करू. आपल्या जाळीचा एक तुकडा १०० गुणिले १०० गुणिले १०० असा आहे, म्हणजे १० लाख बिंदू. शेजाऱ्यांना कळवायचे ते फक्त पृष्ठभागावरचे. सहा बाजू, प्रत्येकी १० हजार, म्हणजे ढोबळपणे ६० हजार. दहा लाखांत सहा टक्के, ठीक आहे. आता जास्त कोअर मिळाले म्हणून तुकडा १० गुणिले १० गुणिले १० केला. बिंदू हजार, पृष्ठभागावर सुमारे सहाशे. म्हणजे साठ टक्के! शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. वाटण्या होत-होत शेताचे तुकडे बारीक झाले की पिकापेक्षा बांधच जास्त होतात.

गंमत म्हणजे ही सगळी कल्पना संगणकाच्या आधीची आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांचं हवामानाच्या गणिती अंदाजावरचं पुस्तक १९२२ मध्ये आलं. त्यात त्यांनी एक प्रचंड सभागृह कल्पिलं. ६४ हजार माणसं पृथ्वीचा आपापला तुकडा हाती घेऊन आकडेमोड करताहेत आणि शेजाऱ्यांना उत्तरं कळवताहेत. मधोमध उंचावर एक जण उभा. जो भाग पुढे पळतो त्यावर तो गुलाबी प्रकाश टाकतो, जो मागे पडतो त्यावर निळा. आज आपण ज्याला लोड बॅलन्सिंग म्हणतो ते हेच. एक जण मागे राहिला की सगळे त्याच्यासाठी थांबतात.

जीपीयूबद्दल पुढे प्रश्नोत्तरांत आलं आहे, म्हणून इथे सोडतो.

आधी मोजा

आता एक कल्पित उदाहरण पूर्ण सोडवू. एक विद्यार्थिनी महाराष्ट्रातल्या पर्जन्यमापकांच्या पन्नास वर्षांच्या रोजच्या नोंदींवर काम करते आहे. पावसाचा कल खरा की योगायोग, हे तपासायला ती बूटस्ट्रॅप पद्धत वापरते. मूळ नोंदींतून हजार वेळा यदृच्छ निवड करायची आणि दर वेळी कल काढायचा. एका फेरीला ६ मिनिटं, हजार फेऱ्यांना ६ हजार मिनिटं, म्हणजे १०० तास. चार दिवस आणि वर चार तास.

महासंगणकावर हे सोपं आहे. शंभर कामांचा जॉब अ‍ॅरे, प्रत्येकात दहा फेऱ्या. सगळ्यांना जागा मिळाली तर तासाभरात उत्तर. पण थांबा. त्याआधी तिने प्रोफायलर चालवला, म्हणजे वेळ कुठे जातो ते मोजलं. निघालं असं की सहापैकी चार मिनिटं तीच मजकूर-फाइल पुन्हा-पुन्हा वाचण्यात जातात. फाइल एकदाच वाचून मेमरीत ठेवली. झाली दोन मिनिटं. मग पायथॉनमधला एकेक आकडा फिरवणारा लूप काढून नमपायची तयार क्रिया वापरली. समजा, झाले दहा सेकंद. हजार फेऱ्यांना दहा हजार सेकंद, म्हणजे तीन तासांहून कमी. लॅपटॉपवरच! चहा प्या, वाचन करा, काम झालेलं असेल.

ही युक्ती नाही, शिस्त आहे. महासंगणकाकडे जाण्याआधी वेळ कुठे जातो हे मोजायचं, आणि जे कुणीतरी चांगलं लिहून ठेवलंय ते आपण पुन्हा लिहायचं नाही. मॅट्रिक्ससाठी ब्लास आणि लॅपॅक, फूरिये रूपांतरासाठी एफएफटीडब्ल्यू, ही वर्षानुवर्षं घासूनपुसून तयार झालेली हत्यारं आहेत.

मग महासंगणक खरोखर कधी लागतो? एक, काम मोजूनमापून सुधारल्यावरही आठवडे लागत असतील. दोन, मेमरीत मावत नसेल. एक लाख गुणिले एक लाखाची मॅट्रिक्स घ्या. दहा अब्ज आकडे, प्रत्येकी आठ बाइट, म्हणजे ८० जीबी. १६ जीबीच्या लॅपटॉपवर हे ठेवायलाच जागा नाही, गणित तर पुढची गोष्ट.

रांगेचं शास्त्र

महासंगणकावर काम ‘चालू करत’ नाहीत, रांगेत लावतात. ही रांग सांभाळणारा प्रोग्राम म्हणजे शेड्यूलर. अनेक ठिकाणी स्लर्म नावाचा असतो. तुम्ही एक छोटी स्क्रिप्ट लिहिता. इतके नोड, इतके कोअर, इतकी मेमरी, इतका वेळ हवा, अमुक सॉफ्टवेअर लोड कर आणि हा प्रोग्राम चालव. एका आज्ञेने ती सोपवायची, दुसऱ्या आज्ञेने रांग बघायची. रोजच्या वापराला पाच-सहा आज्ञा पुरतात.

खरं कौशल्य मागणी नेमकी करण्यात आहे. ऐन सुट्टीत रेल्वेत एकट्या माणसाला कुठेतरी जागा मिळून जाते, चाळीस जणांच्या वऱ्हाडाला मात्र थांबावं लागतं. शेड्यूलरही मोठ्या कामांमधल्या फटीत लहान कामं बसवतो. दोन तासांचं काम असताना ‘असू दे’ म्हणून चार दिवस मागितले, तर त्या फटीत तुम्ही बसत नाही आणि रांगेत ताटकळता. उलट फार कमी वेळ मागितला तर वेळ संपताच काम मारलं जातं. म्हणून आधी छोटं काम चालवून बघायचं, किती वेळ आणि मेमरी लागली ते नोंदवायचं, मग त्यावर थोडी सूट धरून मागायचं.

आता खर्चाचं. हिशोब कोअर-तासांत होतो. ४८ कोअरचा एक नोड एक दिवस वापरला, म्हणजे १,१५२ कोअर-तास. असा नोड भरात असताना साधारण अर्धा किलोवॉट वीज घेतो असं धरू. शंभर नोड एक दिवस चालले तर १,२०० युनिट, तेही गार ठेवण्याचा खर्च सोडून. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराला ही वीज वर्षभर पुरेल. यंत्र बहुतेक वेळा लोकांच्या पैशाचं असतं, आणि तुम्ही अडवलेला नोड म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी प्रबंधाचं लांबलेलं प्रकरण. भीती वाटून वापरायचंच नाही असं नव्हे. भान ठेवून वापरायचं.

वेगाने आलेलं चुकीचं उत्तर

आता सगळ्यात महत्त्वाचं. महासंगणक तुमची चूक दुरुस्त करत नाही, ती हजारपट वेगाने करून देतो.

आपल्या विद्यार्थिनीकडे परत जाऊ. समजा तिने जॉब अ‍ॅरेच वापरला, शंभर कामं, प्रत्येकात दहा फेऱ्या. यदृच्छ आकड्यांची सुरुवात ज्या बीजापासून होते, ज्याला सीड म्हणतात, ते प्रोग्राममध्ये ४२ असं पक्कं लिहिलेलं आहे. काय होईल? शंभरही कामं तंतोतंत त्याच दहा फेऱ्या करतील. हातात हजार उत्तरं, पण वेगळी फक्त दहा. आलेख सुबक दिसेल, कुठेही एररचा संदेश नाही, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष पोकळ. उपाय एका ओळीचा आहे. प्रत्येक कामाला त्याच्या अ‍ॅरे क्रमांकावरून वेगळा सीड द्यायचा आणि तो नोंदवून ठेवायचा. पण उपाय सुचायला धोका माहीत असावा लागतो.

दुसरी गोष्ट बेरजेची. शाळेत आपण शिकलो की बेरजेत क्रम बदलला तरी उत्तर तेच. संगणकात तसं नाही. एकावर सोळा शून्यं ही संख्या घ्या, तिच्यात १ मिळवा आणि मग तीच संख्या वजा करा. नेहमीच्या डबल प्रिसिजनमध्ये उत्तर येतं शून्य, कारण एवढ्या मोठ्या संख्येपुढे तो १ मावतच नाही. आधी वजा करून मग १ मिळवला तर उत्तर १. आता विचार करा, ६४ कोअरनी बेरीज वाटून घेतली आणि १२८ कोअरनी वाटून घेतली, तर क्रम बदलतो. शेवटचे काही दशांश बदलणारच. म्हणून ‘उत्तर अगदी तेच आलं का’ असं न विचारता ‘ठरवलेल्या मर्यादेत जुळलं का’ असं विचारायचं, आणि ती मर्यादा आधी ठरवायची. फरक त्याहून मोठा आला तर मात्र दशांशांवर ढकलू नका, प्रोग्राम तपासा.

तिसरी गोष्ट, ज्याचं उत्तर माहीत आहे असं छोटं गणित आधी चालवायचं. एका कोअरवर, मग दोनवर, मग चारवर. रिचर्डसन यांनी त्याच पुस्तकात २० मे १९१० या दिवसाचा अंदाज हाताने करून बघितला होता. सहा तासांत हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलने बदलेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात असं काही घडत नाही. त्यांनी ते लपवलं नाही, पुस्तकात छापलं. पुढच्या पिढीला त्यातूनच शिकता आलं.

जपून ठेवणं

दीर्घ कामाला चेकपॉइंट हवा. म्हणजे दर तासाला वगैरे सद्यस्थिती फाइलमध्ये लिहून ठेवायची, वीज गेली, नोड पडला किंवा वेळ संपला तर तिथून पुढे सुरू करता येतं. चार दिवसांच्या कामाला चेकपॉइंट नसेल तर तिसऱ्या रात्री पडलेला नोड तुम्हाला पहिल्या दिवशी नेऊन सोडतो.

आणि बॅकअप. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावर बॅकअपच्या स्क्रिप्टमधल्याच दोषामुळे सुमारे ७७ टेराबाइट माहिती पुसली गेली. सुमारे ३ कोटी ४० लाख फाइली, १४ संशोधन गटांच्या. त्यातली काही परत मिळालीच नाही. इतक्या नामांकित ठिकाणी हे होऊ शकतं, तर ‘यंत्र मोठं आहे, तिथे सगळं सुरक्षित असेल’ हा भरवसा कशाला ठेवायचा? प्रोग्राम गिटमध्ये ठेवा. मूळ माहिती आणि अंतिम निकाल दुसऱ्या जागी ठेवा. मधल्या फाइली पुन्हा तयार करता येत असतील तर त्या खुशाल जाऊ द्या. प्रत्येक निकालासोबत प्रोग्रामची आवृत्ती, लोड केलेली सॉफ्टवेअर, सीड आणि जॉबची स्क्रिप्ट जपा. दोन वर्षांनी परीक्षक ‘हा आलेख पुन्हा काढून दाखवा’ म्हणतील, तेव्हा तुमची स्मरणशक्ती कामाला येणार नाही, ही फाइल येईल.

कुठून सुरू करायचं?

पहिले दोन आठवडे लिनक्सच्या शेलला द्या. फाइली हलवणं, शोधणं, छोटी स्क्रिप्ट लिहिणं. नोव्हेंबर २०१७ पासून टॉप ५०० यादीतले सगळेच महासंगणक लिनक्सवर चालतात, त्यामुळे हे शिकलेलं कुठेही उपयोगी पडतं. सॉफ्टवेअर कार्पेंट्री या उपक्रमाचे शेल आणि गिटचे धडे मोफत आहेत. त्यानंतर गिट आणि प्रोफायलर. मग जॉब स्क्रिप्ट आणि जॉब अ‍ॅरे. एवढ्यावर बऱ्याच जणांचा प्रबंध पूर्ण होतो. गरज पडली तरच ओपनएमपी आणि शेवटी एमपीआय. आणि एक लक्षात घ्या, हे दोन्ही लॅपटॉपवरही चालतं. तुमच्या लॅपटॉपला चार-आठ कोअर आहेतच. खातं मिळेपर्यंत वाट बघत बसू नका.

श्रोत्यांच्या प्रश्नांतून

‘मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी. जनुकक्रमांचे दोनशे नमुने आहेत. मला प्रोग्रामिंग यायलाच हवं का?’

समांतर प्रोग्रामिंग नाही. तुमच्या क्षेत्रातली साधनं तयार आहेत. दोनशे नमुने म्हणजे दोनशे स्वतंत्र कामं, जॉब अ‍ॅरेचं आदर्श उदाहरण. शेल आणि स्क्रिप्ट मात्र यायलाच हवी. आणि दोनशे एकदम लावू नका. आधी एक, मग पाच, त्यांचे निकाल डोळ्यांनी तपासा, मग सगळे.

‘आता सगळं जीपीयूवरच चालतं ना? मग सीपीयू शिकायचा कशाला?’

जीपीयूवर हजारो लहान कोअर एकच क्रिया वेगवेगळ्या आकड्यांवर एकदम करतात. कवायतीतल्या पथकासारखं. मॅट्रिक्सचं गणित, न्यूरल नेटवर्क, जाळीवरची समीकरणं यांना ते छान जमतं. ज्या कामात पावलोपावली ‘असं असेल तर हे, नाहीतर ते’ असतं, तिथे पथक विस्कळीत होतं. शिवाय माहिती जीपीयूच्या मेमरीत नेण्या-आणण्यात वेळ जातो. अ‍ॅमडॉल तिथेही लागू आहे. तेव्हा आधी मोजा, मग ठरवा.

‘आमचं कॉलेज तालुक्याच्या गावी आहे. आमच्याकडे यंत्र नाही. हे सगळं आमच्यासाठी आहे का?’

आहे. या यंत्राशेजारी बसावं लागत नाही, पुण्यातला विद्यार्थीसुद्धा टर्मिनलवरूनच जोडला जातो. शिक्षणसंस्थांना नॅशनल नॉलेज नेटवर्कने जोडून महासंगणन पोहोचवणं, हा राष्ट्रीय अभियानाच्या उद्देशांतलाच एक भाग आहे. तुमच्या मार्गदर्शकांमार्फत अर्ज करता येतो का, एखाद्या मोठ्या संस्थेतल्या गटाबरोबर काम करता येतं का, हे विचारा. अर्जात एक गोष्ट फार मोलाची ठरते. तुमचा प्रोग्राम १, २, ४ आणि ८ कोअरवर किती वेळ घेतो याचा तक्ता. तो तक्ता तुम्ही कॉलेजच्या साध्या संगणकावर बनवू शकता. मोठं यंत्र हाती नसतानाही ते कसं वापरायचं हे तुम्हाला कळलंय, हे त्यावरून दिसतं.

हाच तक्ता तुम्हा सगळ्यांचा गृहपाठ. आपला कुठलाही एक प्रोग्राम घ्या, वेळ मोजा, लिहून ठेवा. वेग कुठे वाढायचा थांबतो ते शोधा आणि का थांबतो याचा अंदाज एका वाक्यात लिहा. पुढच्या व्याख्यानात आपण त्याच तक्त्यांपासून सुरुवात करू.